आधी देऊळ की आधी दवाखाना?

आषाढ जवळ आला की आपल्या घरांतून दोन गोष्टींची तयारी एकदमच चालते. एक पेरणीची आणि दुसरी वारीची. पताका धुऊन वाळत पडतात, पखवाजाला शाई भरली जाते, पडशीत कुणी चटणी बांधून देतं. पण ह्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, आणि तिची तयारी मात्र कोणीच केलेली नसते. पहिल्या पावसाचं पाणी बिळांत शिरतं आणि आतलं जनावर वर येतं. शेतात, वस्तीवर, ओसरीत, कधी कधी तर अंथरुणातही. घरातलं माणूस एका रात्रीत मरणाच्या दारात उभं राहतं, आणि पहाटेच्या अंधारात घरच्यांपुढे प्रश्न येतो की आता न्यायचं कुठं? देवळात की दवाखान्यात?

हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. वास्तविक तो धर्माचा आहे. म्हणूनच आज त्याचा विचार करायचं आम्ही योजलं आहे.

श्रीगोंदा तालुक्यातली कुठलीही वस्ती डोळ्यांपुढे आणा. हे पूर्वीचं चांभारगोंदे, शेख महंमद महाराजांच्या समाधीनं पावन झालेलं. तालुक्याच्या दक्षिणेला भीमा वाहते. तीच पुढे पंढरीला चंद्रभागा होते, म्हणजे आमच्या शिवारापासचं पाणी आमच्या आधी विठोबाच्या पायांशी पोचतं. उसाचं रान, विहीर, चार घरं. उकाड्यामुळे मंडळी ओट्यावर आणि अंगणात निजलेली. मध्यरात्री बारा-तेरा वर्षांचं पोर उठतं आणि म्हणतं, "आई, पोटात दुखतंय." आई ओवा देते. तासाभरानं पोर म्हणतं, "घसा धरल्यासारखा झालाय." आजी म्हणते, "पित्त झालं असंल, नीज." पहाटे पाहावं तो पोराच्या पापण्या उघडत नाहीत, तोंडातून लाळ गळते, बोल जड झालेला. अंगावर ना सूज ना ठळक व्रण. ही गोष्ट आम्ही कोणा एका घराची सांगत नाही. मण्यार नावाचा साप चावला की असंच घडतं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्याला चावते. तिचे दात इतके बारीक की चावलेलंही कित्येकदा कळत नाही.

आता घर जागं होतं. कोणी म्हणतं, अंगारा लावा. कोणी म्हणतं, अमक्या गावचा मांत्रिक विष उतरवतो, त्याच्याकडे न्या. कोणी म्हणतं, देवाच्या पारावर निजवा, आजवर तिथून कोणी मेलेलं नाही. आणि त्याच पहाटे बाप दिंडीबरोबर निघायचा असतो. गळ्यात वीणा, पुढे नेम. वीस वर्षांत वारी चुकलेली नाही. त्यानं काय करावं?

प्रथम पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊ. पहिला आक्षेप प्रारब्धाचा. म्हणतात की आयुष्याची दोरी जितकी तितकीच, ती डॉक्टरनं लांबत नाही आणि साप चावून तुटत नाही, मग धावाधाव कशाला? दुसरा आक्षेप श्रद्धेचा. ज्ञानोबारायांनी आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला सच्चिदानंदबाबांना मरणातून उठवलं. त्यांचं नाव घेणाऱ्यानं सुईवर भरवसा ठेवला तर तो भाव कसला? तिसरा आक्षेप वैराग्याचा. तेरच्या गोरोबाकाकांच्या पायाखाली चिखलात पोर तुडवलं गेलं तरी भजन मोडलं नाही, मग आपण पोरासाठी वारी मोडावी का?

हे तिन्ही आक्षेप म्हणजे वेड्यांची बडबड नव्हे. चांगली, सात्त्विक, माळकरी माणसंही असं बोलतात. म्हणून हसून चालणार नाही, उत्तर दिलं पाहिजे.

प्रारब्ध खरं आहे असं धरून चालू. पण ते कळतं कधी? घडून गेल्यावर. पोराच्या कपाळी काय लिहिलं आहे हे पहाटे चार वाजता ना बापाला वाचता येतं, ना मांत्रिकाला. त्या घटकेला माणसाला एकच गोष्ट दिसते, आणि ती म्हणजे समोरचं कर्तव्य. शेतकरी पाऊस प्रारब्धावर सोडतो, पण पेरणी सोडत नाही. "यंदा पिकायचं असंल तर पिकंल" म्हणून ज्यानं बी घरातच ठेवलं त्याला आपण भक्त म्हणत नाही, आळशी म्हणतो. तेव्हा प्रारब्ध हा शब्द वाईट नाही, त्याची वेळ ठरलेली आहे. सगळे प्रयत्न करून झाल्यावर तो उच्चारला तर मनाला शांती देतो. प्रयत्नांआधी उच्चारला तर तो जीव घेतो.

आता नेवाशाची गोष्ट. परंपरा सांगते की सच्चिदानंदबाबांची पत्नी सती निघाली होती. वाटेत तिनं माउलींना नमस्कार केला आणि त्यांच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद निघाला. पुढे तेच बाबा ज्ञानेश्वरीचे लेखक झाले. शके 1212 मध्ये, म्हणजे सन 1290 मध्ये, तो ग्रंथ नेवाशाला सिद्ध झाला. पण ह्या कथेत माउली काय करतात ते पाहा. दुःखी माणूस दारी आलं तेव्हा "बाई, तुझं प्रारब्ध" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली नाही. जे सामर्थ्य हाती होतं ते सगळं त्यांनी वापरलं. आपल्या हाती ते सामर्थ्य नाही. पण रस्ता आहे, गाडी आहे, फोन आहे, शहाणा डॉक्टर आहे. आपल्या हाती आहे ते न वापरता त्यांच्या हाती होतं त्याची वाट पाहत बसणं, ह्याला संतांचं अनुकरण कसं म्हणावं?

आणि गोरोबाकाका? त्यांची कथा देहभान हरपलेल्या भक्ताची आहे. पायाखाली काय आहे हे त्यांना कळलंच नाही. पोर समोर तडफडतं आहे हे डोळ्यांनी पाहून जो टाळ वाजवीत उभा राहतो, त्याला गोरोबांची सावलीही लाभलेली नाही. भान नसणं ही एक अवस्था आहे. भान असून न पाहणं हा दोष आहे. ह्या दोहोंत गल्लत करू नये.

मग आपल्या संप्रदायाचा कौल कुठला? तो तर विटेवरच उभा आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता आणि देव दारी आला. पुंडलिकानं सेवा सोडून देवाकडे धाव घेतली का? नाही. त्यानं वीट टाकली आणि देवाला थांबायला सांगितलं. देव रागावला नाही, निघूनही गेला नाही. कमरेवर हात ठेवून तो आजवर थांबलाच आहे. ज्या देवाची ओळखच मुळी सेवेसाठी थांबलेला देव अशी आहे, तो एका वारीसाठी थांबणार नाही काय? पोराला दवाखान्यात न्यायला दिंडी सोडणारा बाप वारी मोडत नाही. वारी ज्या विटेपाशी संपते, त्याच विटेवर तो उभा राहतो.

नाथमहाराजांचंही तसंच. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तहानेनं तळमळणारं गाढव दिसलं, आणि रामेश्वरासाठी आणलेली गंगा त्यांनी गाढवाच्या मुखी घातली. पैठणच्या तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्य मानलेलं लेकरू त्यांनी कडेवर उचललं आणि त्याच्या घरी पोचवलं. ह्या कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. पण वाळूतलं ते लेकरू आपल्या अंगणात असलं की आपल्याला पंचांग आठवतं!

जवळच्या काळातला दाखला हवा असेल तर सन 1897 चा घ्या. पुण्यात प्लेगची साथ होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत ह्यांनी हडपसरच्या बाजूला, गावाबाहेर माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला प्लेगची गाठ आल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. वय साठीच्या पुढे गेलेलं. मुलगा वाचला. त्यांना मात्र प्लेग जडला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा देह पडला. त्या मुलाचं नाव पांडुरंग होतं. सावित्रीबाई आपल्या संप्रदायातल्या नव्हत्या. पण पांडुरंगाला पाठीवर घेऊन चालणं म्हणजे काय, हे आम्हा माळकऱ्यांना त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता कोणी विचारील की पारावर निजवलेली माणसं बरी होतात ती कशी? आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे! खरं आहे, होतात. पण त्याचं कारण ऐका. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसं विष अंगात जातंच असं नाही. अशी माणसं पारावर निजवा, गोठ्यात निजवा, ती उठणारच. श्रेय मात्र पाराला जातं. खरं विष भिनलेला माणूस तिथं गेला की उठत नाही, आणि मग म्हणतात, त्याची वेळ भरली होती. म्हणजे जगला तर मांत्रिकाचा गुण, मेला तर प्रारब्धाचा दोष! असा हिशेब वाण्यानं मांडला तर आपण त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

आणि हा हिशेब लहान नाही. सन 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं असा अंदाज दिला की 2000 ते 2019 ह्या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं मेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, पावसाळ्यातली, शेतात राबणारी किंवा जमिनीवर निजणारी. म्हणजे आपलीच की!

तिसरीही एक शंका आमच्या कानी येते, आणि ती नाजूक आहे. विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून करतात. माळ घातलेल्यानं ती अंगात घ्यावी का? शंका प्रामाणिक आहे, तेव्हा वस्तुस्थिती सांगतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चार सापांचं विष अगदी थोड्या थोड्या मात्रेनं घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारा गुण तयार होतो. मग थोडं रक्त काढून त्यातून औषध करतात. त्यासाठी घोडा मारीत नाहीत. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे औषध कित्येक वर्षं तयार होत आलं आहे. घोड्याला त्रास होत नाही असं आम्ही म्हणणार नाही, त्याचं ऋण मानलंच पाहिजे. पण रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो ना? मग जो अश्व आपलं रक्त देऊन लेकराचा जीव वाचवतो, त्याचं देणं कपाळी लावायचं की नाकारायचं? माळेचा अर्थ जीवहिंसा न करणं असा आहे. लेकराला मरू देणं हीही हिंसाच आहे, आणि ती फार मोठी.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. नेम हा स्वतःच्या देहापुरता असतो. एकादशी आपण स्वतः करतो, तान्ह्या मुलाला उपाशी ठेवीत नाही. स्वतःच्या देहावर कोणी आपली श्रद्धा पारखून पाहील, तो त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या देहावर, त्यातही बोलू न शकणाऱ्या लेकराच्या देहावर, ती पारखण्याचा अधिकार बापालाही नाही.

येथे एक भेद केला पाहिजे. नव्वदीचे वृद्ध, दीर्घ आजारानं थकलेले, वैद्यांनी हात टेकलेले, आणि स्वतः म्हणताहेत, "आता मला हलवू नका, घरीच नाव घेत जाऊ द्या." त्यांचं ऐकावं, त्यांच्या उशाशी बसावं, वेदना कमी होतील असं औषध मात्र द्यावं. ती हेळसांड नव्हे. तो त्यांचा मान आहे. पण धडधाकट माणूस अकस्मात कोसळला, साप चावला, छातीत कळ आली, एक अंग लुळं पडलं, तिथं "घरीच राहू द्या" ही भाषा चालणार नाही. तिथं घटका मोजायच्या असतात.

मग करावं काय? थोडक्यात सांगतो. सापाच्या मागं लागू नये. चावलेली जागा कापू नये, चोखू नये, दोरीनं आवळू नये, तिथं पाला लावू नये. माणसाला चालवू नये. हातपाय फळी बांधून स्थिर ठेवावा, धीर द्यावा, किती वाजले ते पाहून ठेवावं. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, तिला बोलवावं. तिला उशीर होत असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणावं. श्रीगोंद्याला ग्रामीण रुग्णालय आहे. लस सरकारी दवाखान्यातच प्रथम पाहावी. पापण्या जड झाल्या असतील, श्वास अडत असेल, तर कृत्रिम श्वासाची सोय कुठं आहे ते तिथंच विचारून नगरला किंवा पुण्याला हलवायची तयारी ठेवावी. मधल्या वाटेवर मांत्रिकाचं घर लागलं तरी गाडी थांबवू नये. देवळासमोरून जाताना हात जोडावेत, तेही गाडी न थांबवता.

आणि दवाखान्यात पोचल्यावर नामाचं काय? नामाला तिथं जागा नाही असं कोणी समजू नये. मण्यारीच्या विषानं सगळे स्नायू ढिले पडतात. माणूस डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, श्वासही घेऊ शकत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, गेला. पण कित्येकदा तो आत पूर्ण जागा असतो, आणि सगळं ऐकत असतो! म्हणून त्याच्या उशाशी रडारड करू नये, "आता काही खरं नाही" असं बोलू नये. कानाशी वाकून सांगावं, "आम्ही इथंच आहोत, घाबरू नको," आणि हळूच रामकृष्णहरी म्हणावं. विष उतरेपर्यंत त्याचा श्वास दुसऱ्यानं चालवला की असा माणूस काही दिवसांनी उठून बसतो. यंत्र नसलं तिथं रबरी पिशवी हातानं दाबून श्वास देतात, आणि कधी कधी घरच्या माणसांनाच पाळीपाळीनं ती दाबत रात्र काढावी लागते.

सप्ताहात आपण वीणा खाली ठेवीत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो, सात दिवस अखंड. त्या दवाखान्यातली पिशवी हीही वीणाच आहे. बाप दमला की चुलता, चुलता दमला की शेजारी. खाली ठेवायची नाही. आम्हाला विचाराल तर वीस वर्षांच्या वारीचं पुण्य त्या एका पहाऱ्यात आहे.

येथे गावाचंही काम आहे. बाप दवाखान्यात धावला तर दिंडीतली वीणा दुसऱ्यानं घ्यावी, आणि "ह्यानं वारी चुकवली" असा शब्द कोणी काढू नये. मागं राहिलेल्या म्हातारीला आणि गुरांना कोणी पाहावं. दवाखान्याच्या ओसरीत बसलेल्यांना भाकरी पोचवावी. गाडगेबाबांनी मुंबईत धर्मशाळा उभारली. परगावाहून उपचारांसाठी आलेले रोगी आणि त्यांचे सोबती तिथं आसरा घेतात. रोग्याबरोबर त्याच्या घरचंही माणूस उघड्यावर पडतं, हे त्या महात्म्याला दिसलं होतं. प्रत्येक दिंडीनं गाडीवाल्याचा आणि दवाखान्याचा क्रमांक पताकेसारखा बरोबर बाळगावा. वाटेच्या मुक्कामी अंथरूण झटकून घालावं, जमिनीवर निजताना मच्छरदाणी नीट खोचून घ्यावी, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नये. घरी शक्य तर खाटेवर निजावं. हेही वारीचेच नियम समजा.

शेवटी एक अवघड गोष्ट. सगळं केलं, वेळेत नेलं, आणि तरीही माणूस गेलं तर? किंवा रात्री कळलंच नाही, पित्त समजून ओवा दिला आणि पहाट झाली, तर? त्या आईला जन्मभर एकच बोल छळतो, "थोडं आधी उठले असते तर..." शेजाऱ्यांनी तो बोल तिच्यापुढे काढू नये. तिला जे दिसलं त्याप्रमाणे ती वागली. अंधारात न दिसलेल्या दाताचा दोष तिच्यावर येत नाही. आता खरी वेळ आहे प्रारब्ध हा शब्द उच्चारण्याची. ज्यांनी आपले हात शेवटपर्यंत हलवले, त्यांनाच ते हात आता जोडण्याचा अधिकार आहे.

तात्पर्य, आधी देऊळ की आधी दवाखाना हा प्रश्नच मुळी चुकीचा मांडलेला आहे. जिथं जीव वाचवण्याची खटपट चालली आहे, तिथं विठोबा आधीच जाऊन उभा आहे. आपण उशीर करू नये, एवढंच. यंदाच्या आषाढीला कोणाच्या गळ्यातली वीणा मधेच उतरली, कोणी पंढरीच्या वाटेवरून मागं फिरून दवाखान्याच्या दारात बसला, तर त्यानं खंत करू नये. कार्तिकी आहे, पुढची आषाढी आहे. वीट जागची हललेली नाही, आणि तिच्यावरचा थांबायला तयार आहे.

रामकृष्णहरी.